ओहोटीच्या वेळेवर चालणारी प्रयोगशाळा

कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा बडोद्यातल्या बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो. 1944 साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा तो सांगाडा, लांबी साधारण 70 फूट. सहलीला आलेली मुले त्याच्यासमोर थोडी रेंगाळतात आणि मग ममी बघायला पळतात. हाडे अशी शहरात आणून मांडता येतात. जिवंत समुद्र आणता येत नाही. त्याच्याकडे जाऊनच राहावे लागते. समुद्रविज्ञानाची प्रयोगशाळा किनाऱ्यावर का असते, आणि तिथे माणसे नुसती कामाला न जाता राहायला का जातात, याचे मूळ उत्तर एवढेच आहे.

सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणारी मुलगी सुट्टीत अशा एखाद्या किनारी केंद्रावर जायचे म्हणते, तेव्हा दांडिया बाजारापासून वाडीपर्यंतच्या आपल्या घरांत तेच प्रश्न निघतात. मासे बघायला महिनाभर कशाला? पहाटे चारला कुठे जायचे असते? रात्रीची ड्यूटी कसली? आई-आजीचे हे प्रश्न अगदी रास्त आहेत आणि त्यांना नीट उत्तरे आहेत. ती उत्तरे कळली की ही प्रयोगशाळा चालते कशी तेही कळते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आधी पाण्याचे पाहू. अशा केंद्राचा जीव त्याच्या पाइपात असतो. ओहोटीतही उघडी पडणार नाही इतक्या खोल जागेवरून समुद्राचे पाणी पंपाने खेचतात, गाळ खाली बसू देतात, वाळूच्या थरांतून गाळतात, उंचावरच्या टाकीत चढवतात आणि तिथून ते उताराने प्रत्येक टेबलावरच्या टाकीत अखंड वाहत राहते. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. कच्छच्या आखातात पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त, त्यामुळे तिथले पाणी याहून खारट. साध्या पाण्यात मीठ विरघळवून हे पाणी बनत नाही, कारण त्यात सूक्ष्म जीव असतात, प्राणवायू असतो आणि कित्येक प्राण्यांचे खाणेही त्याच पाण्यातून येते. कालव आणि शिंपले तर पाणी गाळूनच पोट भरतात. पाइप प्लास्टिकचे लागतात, कारण लोखंड गंजते आणि तांबे समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्यांना विषारी असते.

त्यातही एक अडचण कायमची असते. पाण्यासोबत बार्नेकल (खडकाला, होडीला कायमचे चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव) आणि शिंपल्यांची सूक्ष्म पिल्ले आत येतात, पाइपाच्या भिंतीला चिकटतात, तिथेच वाढतात आणि काही महिन्यांत पाइप तुंबवतात. म्हणून जुन्या जाणत्या केंद्रांनी दोन पाइप टाकले. एक चालू असताना दुसरा बंद ठेवायचा, म्हणजे बंद पाइपातला प्राणवायू संपून आतले जीव मरतात आणि पाइप मोकळा होतो. मग अदलाबदल करायची. कुठलेही औषध न घालता केलेली ही सफाई आहे. रात्रीच्या ड्यूटीचे कारणही इथेच सापडते. वीज गेली, पंप थांबला, की टाक्यांतला प्राणवायू उतरू लागतो आणि कुणाचे महिनोन्महिन्यांचे काम काही तासांत मरू शकते. म्हणून कुणीतरी जागे असावे लागते. आज माझ्या टाकीसाठी तू जाग, उद्या तुझ्या टाकीसाठी मी, असा हा व्यवहार असतो. अशा ठिकाणच्या सोबत राहण्याची सुरुवात बहुतेक वेळा याच रात्रींतून होते.

आता पहाटे चारची गोष्ट. बडोदेकरांना भरती-ओहोटी पाहायला फार लांब जावे लागत नाही. जंबुसर तालुक्यातल्या कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचे दर्शन घेऊन आलेल्यांनी हे पाहिलेच आहे. दिवसातून दोनदा पाणी चढते, पिंडी पाण्याखाली जाते आणि काही तासांनी परत उघडी होते. खंभातचे आखात नरसाळ्यासारखे आहे, तोंडाशी रुंद आणि आत अरुंद व उथळ. आत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून ते उंच चढते. समोरच्या काठावर भावनगरला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीतला फरक 10 मीटरच्याही वर जातो. भारतात याहून मोठा फरक कुठे नाही.

भरती चंद्राच्या मागे चालते. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते, पाणी खूप चढते आणि खूप उतरतेही. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ एकमेकींना छेद देते. त्या दिवसांना कोळी लोक भांग म्हणतात, तेव्हा चढउतार कमी. कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती. हा हिशेब कोकणपट्टीचा, खंभातच्या आखातात आत आत जावे तशी वेळ पुढे सरकते. पण त्यातून एक गोष्ट सहज काढता येते. कोकणात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. समुद्राचा सर्वांत खालचा पट्टा उघडा पडतो तो या उधाणाच्या मोजक्या दिवसांत, तोही दोन-तीन तास. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी काम करणाऱ्याला सहाची ओहोटी गाठायची तर चारला उठण्यावाचून इलाज नाही. ती वेळ हुकली की पुन्हा पंधरवडाभर थांबणे आले.

त्यामुळे अशा केंद्रात रविवार-सोमवारपेक्षा तिथीला जास्त मान असतो. मेसमधला स्वयंपाकीही भिंतीवरचा भरतीचा तक्ता बघून कणीक भिजवतो. उधाणाच्या दिवशी नाश्ता पहाटे तीनला तयार, आणि दुपारचे जेवण माणसे चिखलाने माखून परत येतील तेव्हा. मला या व्यवस्थेचे फार कौतुक वाटते. एरवी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ वरचा आणि स्वयंपाकी खालचा मानला जातो. इथे चंद्राने सगळ्यांना एकाच वेळापत्रकात बसवलेले असते आणि स्वयंपाकी चुकला तर प्रयोग चुकतो.

ओहोटीत उतरल्यावर करायचे काय? किनाऱ्यापासून पाण्याच्या कडेपर्यंत दोरी ताणायची. ठराविक अंतरावर एक चौकट ठेवायची, अर्धा मीटर किंवा एक मीटर बाजूची, आणि तिच्या आत जे काही जगते आहे ते सगळे मोजायचे. वरच्या पट्ट्यात खडकाला घट्ट चिकटलेली बार्नेकल आणि बारीक गोगलगायी, ज्यांना तासन्‌तास ऊन सोसते. मधल्या पट्ट्यात कालव, खेकडे, हिरवे-तपकिरी शैवाल. सगळ्यात खाली समुद्रफुले (फुलासारखे दिसणारे प्राणी), स्पंज, प्रवाळ आणि नशीब असेल तर फटीत अंग चोरून बसलेला ऑक्टोपस. हे पट्टे कशाने ठरतात, हा जीवशास्त्रातला एक सुंदर प्रश्न आहे. अनेक खडकाळ किनाऱ्यांवर दिसले ते असे, की प्राणी किती वर चढू शकेल हे बहुधा ऊन आणि कोरडेपणा ठरवतात आणि किती खाली उतरू शकेल हे त्याचे शत्रू आणि शेजारी ठरवतात. दगड उलटून पाहिला तर पुन्हा होता तसाच ठेवायचा, हा पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम. दगडाखालच्या जिवांना ऊन लागले तर ते मरतात आणि वरचे शैवाल खाली दबले तर तेही मरते.

दुसरे काम बोटीवरचे. बारीक जाळीची शंकूसारखी जाळी बोटीमागे ओढली की तिच्या टोकाच्या बाटलीत प्लवक जमतात, म्हणजे पाण्यासोबत वाहणारे सूक्ष्म जीव. त्यांतले वनस्पती-प्लवक उघड्या डोळ्यांना दिसतही नाहीत, पण पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला जवळपास अर्धा भाग त्यांच्याकडून होतो. प्राणी-प्लवकांतले बरेचसे दिवसा खोल राहतात आणि अंधार पडला की वर येतात. म्हणून एकाच जागी चोवीस तास, दर तीन तासांनी जाळी टाकावी लागते, आणि ते एका माणसाचे काम नाही. कुणी जाळी ओढतो, कुणी पाण्याचे तापमान घेतो, कुणी विरघळलेल्या प्राणवायूसाठी बाटली भरतो. ही बाटली बोटीवरच रसायने घालून पक्की करावी लागते. किनाऱ्यावर नेईपर्यंत थांबले तर आतले जीव प्राणवायू वापरून टाकतात आणि आकडा खोटा येतो. विंकलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1888 मध्ये दिलेली ही पद्धत आजही एमएस्सीची मुले हलत्या बोटीत उलटी आवरत करतात.

एकत्र राहण्याने विज्ञानात खरेच काही फरक पडतो का? याला इतिहासाने दिलेली उत्तरे मला कुठल्याही युक्तिवादापेक्षा पटतात. अँटोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 1872 मध्ये इटलीत नेपल्सच्या समुद्राकाठी एक केंद्र उभारायला घेतले. खाली लोकांसाठी मत्स्यालय, त्याच्या तिकिटांतून काही पैसे यायचे, आणि वर प्रयोगशाळा. पैशांसाठी त्याने आणखी एक युक्ती काढली. देशांनी आणि विद्यापीठांनी वार्षिक भाडे भरून एक ‘टेबल’ घ्यायचे. त्यांनी पाठवलेल्या संशोधकाला काम करायला जागा, रसायने, ग्रंथालय आणि कोळ्यांनी आणलेले ताजे प्राणी मिळणार. देश वेगळे, भाषा वेगळ्या, टेबले शेजारीशेजारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी काढून तिथे स्त्री-संशोधकांसाठी टेबल घेतले. त्या काळी अनेक विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांना बंद होते, हे लक्षात घेतले की त्या एका टेबलाचे मोल कळते. तिथल्या एका दालनात 1873 मध्ये काढलेली भित्तिचित्रे आहेत. एका चित्रात होडी वल्हवणारे कोळी, तर दुसऱ्यात मांडवाखाली एका टेबलाभोवती बसलेले डोर्न आणि त्याचे मित्र. केंद्र कुणाच्या बळावर चालते हे त्या दोन चित्रांत स्पष्ट आहे.

अमेरिकेच्या वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत 1982 च्या उन्हाळ्यात टिम हंट हा इंग्रज शास्त्रज्ञ शिकवायला गेला होता. समुद्री अर्चिन या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याची अंडी तिथे सहज मिळत, म्हणून त्याने त्यांवर एक साधा प्रयोग केला. अंडे फलित झाल्यावर त्यात कोणती प्रथिने बनतात ते दर काही मिनिटांनी तपासले. एक प्रथिन साठत जाई आणि पेशी दुभंगायच्या वेळी अचानक नाहीसे होई. पुन्हा साठे, पुन्हा नाहीसे. संध्याकाळी दुसऱ्या एका शास्त्रज्ञाशी गप्पा मारताना, बेडकाच्या अंड्यांत काय दिसते ते ऐकताना, आपल्या हाती काय लागले आहे याचा त्याला अंदाज आला. पेशीविभाजनाचा ताल ठरवणारी ही प्रथिने होती. त्यांना सायक्लिन नाव मिळाले आणि 2001 चे नोबेल त्या कामाला होते. कर्करोग समजून घेताना आज ही प्रथिने टाळून पुढे जाताच येत नाही.

दुसरी गोष्ट जपानी रसायनशास्त्रज्ञ ओसामू शिमोमुरांची. 1961 मध्ये ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत चमकणाऱ्या जेलीफिशचा अभ्यास करायला गेले. पुढे वर्षानुवर्षे उन्हाळ्यात ते जात राहिले. बायको-मुलेही धक्क्यावर उभी राहून जाळीने जेलीफिश पकडायची. पहिल्या उन्हाळ्यात प्रकाश देणारा पदार्थ काही केल्या वेगळा निघत नव्हता. एकदा उरलेला अर्क त्यांनी सिंकमध्ये ओतला आणि सिंक निळ्या प्रकाशाने उजळले. टाकीतले समुद्राचे पाणी त्याच सिंकमध्ये येत होते, त्या पाण्यातल्या कॅल्शियमने तो पदार्थ पेटवला होता. याच कामात त्यांना सोबतीला एक हिरवे चमकणारे प्रथिनही सापडले. आज जगभरच्या प्रयोगशाळा जिवंत पेशीत काय चालले आहे ते पाहायला ते वापरतात, आणि 2008 चे नोबेल त्यासाठी मिळाले. गोड्या पाण्याच्या नळाखाली हे इतके सहज घडले नसते.

या नावांबरोबर ज्यांची नावे छापली जात नाहीत, ते लोकही मोजायला हवेत. नाखवा कोणत्या वाऱ्यात बोट काढायची नाही ते सांगतो. जाळे कुठे अडकेल, कोणत्या महिन्यात कोणती पिल्ले किनाऱ्याशी येतात, हे खारव्यांना आणि कोळ्यांना आधीपासून ठाऊक असते. आपल्याच सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर याचे फार चांगले उदाहरण आहे. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा वेरावळच्या बाजूला येतो आणि पूर्वी त्याची सर्रास शिकार होई. 2001 मध्ये त्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले, पण नुसत्या कायद्याने बोटीवरचा हात थांबत नाही. 2004 पासून मोहीम सुरू झाली, रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली, लोक त्याला ‘व्हाली’ म्हणू लागले. जाळ्यात अडकलेला व्हाली सोडवायला मच्छीमार आपले जाळे कापतात आणि त्याची भरपाई सरकारकडून मिळते. सोडताना त्यांनी काढलेले फोटो आता शास्त्रज्ञांच्या नोंदींचा भाग आहेत. ज्यांच्यापासून मासा वाचवायचा होता तेच त्याच्या अभ्यासाचे भागीदार झाले.

आता सर्वांत कंटाळवाणे वाटणारे, पण माझ्या मते सर्वांत मोलाचे काम. रोज, त्याच जागी, तेच मोजणे. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या दक्षिणेला समुद्रात एका ठरलेल्या ठिकाणी 1903 पासून पाण्याची मापे घेतली जात आहेत. मध्ये खंड पडले, तरी माप पुन्हा सुरू झाले. भारतात 1947 मध्ये सुरू झालेली, आधी मंडपमला आणि आता कोचीला असलेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदराबंदरावर माणसे ठेवून कोणता मासा किती उतरला याचे अंदाज काढत आली आहे. वेरावळलाही तिचे केंद्र आहे. एका वर्षाचा आकडा काही सांगत नाही. पण समुद्र तापतो आहे की नाही, बोंबील कमी झाला की नुसते यंदा हवामान वाईट होते, हे सांगायला मागचे सगळे आकडे लागतात. 1998 मध्ये समुद्र असामान्य तापला तेव्हा लक्षद्वीपची प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडून मेली, कच्छच्या आखातातल्या प्रवाळांना त्या मानाने कमी झळ बसली. हा फरक कळला, कारण दोन्हीकडे पाण्यात उतरून पाहणारे कुणीतरी होते.

आणि बडोद्याचा याच्याशी संबंध जुना आहे, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. द्वारका, बेट आणि ओखा असलेले ओखामंडळ बडोदे संस्थानात होते. आपण शहरातले लोक ते विसरूनच गेलो. सयाजीरावांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून ओखामंडळच्या समुद्रातल्या जीवसृष्टीची पाहणी करवून घेतली. तिचा पहिला भाग 1909 मध्ये आणि दुसरा 1916 मध्ये प्रसिद्ध झाला. मोत्यांची शिंपली, खिडक्यांना काचेऐवजी लावायचे चपटे पारदर्शक शिंपले, शंखांची मासेमारी, असे उत्पन्नाचे विषय त्यात होतेच. पण त्याबरोबर ज्यांचा बाजारात काही उपयोग नाही अशा प्राण्यांची वर्णनेही तज्ज्ञांकडून करून घेतली होती. शंखावर तर हॉर्नेलने मोठा निबंध लिहिला, किनाऱ्यावरून बंगालला जाऊन तिथे बांगड्या होणाऱ्या शंखापासून पूजेतल्या शंखापर्यंत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कच्छच्या आखाताच्या तोंडाशी काय काय जगत होते, हे आज कुणाला ताडून पाहायचे असेल तर बडोदे सरकारच्या त्या अहवालाकडे जावे लागते. सयाजीरावांनी शाळा, ग्रंथालये, संगीत यांसाठी काय केले ते आपण अभिमानाने सांगतो, त्या यादीत हेही असायला हवे.

त्याच आखातात पुढे 1980 मध्ये सागरी अभयारण्य आणि 1982 मध्ये भारतातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. आपल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातूनही गुजरातच्या किनाऱ्यावरच्या खेकड्यांवर आणि शिंपल्यांवर काम झाले आहे, त्यात कंबोईच्या चिखलातले खेकडेही आहेत. म्हणजे स्तंभेश्वराच्या दर्शनाला जाताना ज्या चिखलाकडे आपण पाठ फिरवतो, तो कुणाच्या तरी प्रबंधाचा विषय आहे.

घरातल्या मुलांना हे दाखवायचे असेल तर दोन वाटा आहेत. कंबोईला भरतीऐवजी ओहोटीच्या वेळी जा आणि काठावरूनच चिखल शांतपणे न्याहाळा. एक नांगी भली मोठी असलेले नर खेकडे ती हलवताना दिसतील आणि चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्याही. ओल्या कातडीतून श्वास घेत हा मासा पाण्याबाहेर राहतो. चिखलात मात्र उतरू नका, तिथे भरतीचे पाणी माणसाच्या चालीपेक्षा वेगाने येते. दुसरी वाट लांबची. सौराष्ट्र मेल बडोद्याहून जामनगर, द्वारका करत ओख्याला जाते. जामनगरहून पुढे वाडीनारजवळ नरारा आहे, जिथे ओहोटीत चालत जाऊन जिवंत प्रवाळ पाहता येतात. वनखात्याची परवानगी घ्यावी लागते आणि सोबत माहीतगार माणूस हवा. पायांत जाड तळाचे जुने बूट घाला, डोक्यावर टोपी, प्रवाळावर पाऊल नको, काही उचलून घरी आणायचे नाही. तारीख ठरवताना आधी कॅलेंडरात अमावास्या-पौर्णिमा पाहा, मग स्थानिक भरतीचा तक्ता, आणि तिकीट त्यानंतर काढा.